पोटापाण्याची मुंबई

परगावचा माणूस मुंबई पाहायला निघाला की त्याच्या खिशात एक यादी असते. गेटवे, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली, आणि वेळ उरलाच तर जुहूची चौपाटी. यादी वाईट नाही. मुलाबाळांना घेऊन आलेल्या गृहस्थाने ती जरूर पुरी करावी. पण एक गंमत ध्यानात घ्या. गिरगावात सारा जन्म काढलेला मुंबईकर गेटवेकडे जातो तो गावाहून पाहुणे आले म्हणून; एरवी वर्षानुवर्षे तो तिकडे फिरकत नाही. मग त्याची रोजची मुंबई असते तरी कुठे? ती पाहण्याची एक युक्ती तुम्हाला सांगतो. यादी घरी ठेवा, पायांत जुन्या चपला घाला, आणि भूक घेऊन बाहेर पडा.

तुम्ही म्हणाल, हे काय, इतिहासाच्या नावाखाली खाबूगिरी! तसे नव्हे. या शहराचा इतिहास दगडी इमारतींवर कोरलेला आहे हे खरे; पण तो इमारती बांधवून घेणाऱ्यांचा. त्या इमारतींत, गोद्यांत आणि गिरण्यांत जे राबले त्यांचा इतिहास हवा असेल, तर ही माणसे जेवत कुठे होती, एवढे एकच विचारत हिंडावे. प्रश्न साधा आहे. उत्तर मुळीच साधे नाही.

थोडे मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी फिरू लागली. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा हे शहर फुगत चालले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झालेला, आणि म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. मग युद्ध संपले, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. आणि १८७२ साली पुन्हा डोकी मोजली तेव्हा ती भरली ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणूस कमी! हे आकडे एवढ्यासाठी सांगतो की, मुंबईचा माणूस आरंभापासून असा आहे. तो काम असेतो राहतो, काम संपले की गावी जातो. त्याचे घर गावाला. इथे फक्त बिऱ्हाड, आणि पुष्कळदा तेही नाही.

आणि तो एकटा येई. १९२१ च्या शिरगणतीत पावणेबारा लाखांच्या मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. दर पाच माणसांतला जवळजवळ एक त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात जन्मलेला. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा हा गडी काल संध्याकाळपर्यंत आईच्या नाहीतर बायकोच्या हातचे गरम गरम वाढून घेत होता; भात शिजायला किती पाणी लागते हे त्याला ठाऊक नव्हते. शिवाय नुसते पोट भरून भागत नसे. कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या पंगतीला बसायचे, याची गाठोडी प्रत्येकाने गावाहून बरोबर आणलेली होती. लाखो एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण, तेही ज्याला चालेल त्याच्या हातचे, हा प्रश्न कुठल्या सरकारने सोडवला नाही. शहराने तो आपला आपण, गल्लीगल्लीत, वेगवेगळ्या रीतीने सोडवला. त्या रीती अजून रस्त्यावर दिसतात. चला तर.

सकाळी धोबीतलावापासून सुरुवात करा. इथे जेर महाल नावाच्या जुन्या इमारतीत १९०४ सालापासूनचे कयानी आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांचा नमुना म्हणून ते पाहावे. इराणी म्हणजे पारशी नव्हेत, हे आधी सांगून टाकतो. पारशी मंडळी शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरली. इराणी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी, बहुतेक यझ्द आणि केरमानकडून. त्यांत जरथुस्त्री होते तसे शिया मुसलमानही होते. रस्त्याच्या कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्याला अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काही का असेना, सोय उत्तम झाली. दोन रस्त्यांना दारे, भरपूर उजेड, आणि आत बसलेल्याला सगळी रहदारी फुकट पाहायला मिळते.

संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, भिंतीवर मोठा आरसा. ब्रून-मस्का मागवा आणि पानी कम चहा. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो चहात बुडवल्याखेरीज दाताला वश होत नाही. पण मला तुमचे लक्ष चहाकडे नव्हे, त्या खुर्चीकडे वेधायचे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पथारी पसरणाऱ्या माणसाला या शहरात टेकायला स्वतःची अशी जागा नव्हती. एका कप चहाच्या पैशात इराण्याने त्याला ती दिली. वर्तमानपत्र होते, पंखा होता, गल्ल्याशेजारी साबणाची वडी नि काड्यापेटीही मिळे. आणि शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे विचारण्याची पद्धत नव्हती. आगगाडीच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळत असे, त्या काळातली ही गोष्ट, बरं का! गिरगावातल्या सोवळ्या घरांतून मुलाविषयी तक्रार निघे ती हीच, की ‘हल्ली इराण्याकडे बसतो.’ त्या एका वाक्यात धर्म बुडाल्याची भीती आणि पोरगा मोठा झाल्याची कबुली, दोन्ही आहेत.

बाहेर पडलात की आसपासच्या गल्ल्यांतून वर नजर टाकीत चाला. एखाद्या जुन्या इमारतीच्या मजल्यावर गोव्यातल्या गावाचे नाव असलेली पाटी दिसेल. हे ‘कूड’. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली ही बिऱ्हाडे. बोटीवर चाकरीला जाणारे तारवटी, स्वयंपाकी, बेकरीवाले, वाद्ये वाजवणारे, असे लोक कामाच्या शोधात आले की आपल्या गावाच्या कुडात उतरत. भिंतीला लावून ओळीने पेट्या, एका टोकाला वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचे तेर्स. एक बोट सोडून दुसरी मिळेपर्यंत माणूस इथे राही. गावकीची खोली ही कल्पना केवळ गोवेकरांची नव्हे. परळ-लालबागच्या चाळींतून कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्याही अशा खोल्या होत्या. पण गोवेकरांनी मुंबईला आणखी एक देणगी दिली. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगिजांचा, आणि तो भट्टीत भाजून घरोघर पोचवणारे हात बरेचसे गोव्याचे. मुंबईच्या गरिबाचे अर्धे जेवण त्या भट्टीतून आले, हे लक्षात ठेवा. संध्याकाळी त्याचा संबंध येईल.

(भेंडीबाजार आणि मोहमद अली रस्ता मी मुद्दाम या फेरीत घेत नाही. त्या वस्तीला वेगळा दिवस हवा, किंबहुना वेगळी रात्र, आणि शक्य तर रमजानातली. मिनारा मशिदीच्या बाजूला त्या दिवसांत पहाटेपर्यंत शेगड्या पेटलेल्या असतात.)

साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनाबाहेर उभे राहा. डोक्यावर पांढरी टोपी घातलेली माणसे लांबलचक लाकडी पाट्या खांद्या-डोक्यावरून उतरवताना दिसतील. पाटीत ओळीने डबे. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंगाच्या खुणा आणि अक्षरे: कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठे उतरायचा, कोणती इमारत, कितवा मजला. पत्ता असा नाहीच. सकाळी घरातून उचललेला डबा उपनगरातल्या स्टेशनावर एकदा लावला जातो, सामानाच्या डब्यातून शहरात येतो, इथे पुन्हा लावला जातो, आणि साहेबाच्या मेजावर पोचेतो तीन-चार हातांतून फिरलेला असतो. दुपारी रिकामा होऊन त्याच वाटेने परत घरी. हा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. यातली बहुतेक मंडळी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. गावच्या जत्रांसाठी वर्षातून काही दिवस सगळे एकदम सुटीवर जातात, आणि तेवढे दिवस मुंबईचे कारकून हॉटेलांतून भुकेले डोळे फिरवीत हिंडतात. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स यांनी इथे येऊन त्यांची भेट घेतली, तेव्हापासून साऱ्या जगाला डबेवाला ठाऊक झाला. २०२० च्या महामारीत कचेऱ्या बंद पडल्या आणि या धंद्याने असा मार खाल्ला की निम्मेअधिक लोक गावी गेले ते गेलेच. आता दिसणाऱ्या पाट्या पूर्वीच्या मानाने थोड्या.

त्यांच्या बिनचूक कामाचे कौतुक सगळेच करतात. मला त्यात आणखी एक दिसते. गावाहून एकट्याने आलेल्या पुरुषाची ही गोष्ट नव्हे; त्याने उपनगरात बिऱ्हाड केले, बायको आणली, त्यानंतरची ही गोष्ट आहे. आता त्याला घरचे मिळू शकत होते, फक्त घर दूर होते. आणि घरचेच का? तर ते आपल्या चुलीवरचे, आपल्या जातीचे, आपल्या पथ्याचे. डबेवाल्याने मुंबईकराची गाठोडी न सोडता त्याला कचेरीत जेवू घातले. इराण्याने नेमके उलट केले. एकाच शहराने दोघांनाही पोसले, असे हे शहर आहे.

जेवायला मात्र तुम्ही माटुंग्याला जा. लोकल पकडा, माटुंगा रोडला उतरा आणि रुळांवरच्या पुलावरून पूर्वेला या. ही वस्ती प्लेगने वसवली म्हटले तरी चालेल. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, माणसे किड्यामुंगीसारखी मेली, आणि दाटीची वस्ती मोडून नवी वसवण्यासाठी १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव, झाडांची वस्ती ही त्याच ट्रस्टची. तिथे दक्षिणेकडचे सुशिक्षित लोक येऊन राहिले: टायपिस्ट, हिशेबनीस, रेल्वेतले कारकून. त्यांच्यामागोमाग उडुपीकडचे लोक आले. १९४२ साली ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. ‘बोर्डिंग’ हा शब्द पाहा. तो महिन्याच्या जेवणाऱ्यांसाठी होता. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, आणि शेवटी ताक. पान पुढे सरकवलेत तर वाढपी पुन्हा वाढतो. मिटवलेत तर झाले. तिथे बोलावे लागत नाही. मराठी माणसाने इडली-डोसा आपला केला त्याला आता इतकी वर्षे झाली की, तो एके काळी परका होता हे पोरांना सांगून पटत नाही.

माटुंग्याहून दादर पायी. जेवण जिरायलाही बरे. दादर पश्चिमेला स्टेशनासमोर मामा काण्यांचे उपहारगृह १९१० साली निघाले आणि तिथला बटाटेवडा बशीतून, चमच्याने, टेबलाशी बसून खाल्ला जाई. म्हणजे इराण्याच्या वाऱ्याला न उभे राहणाऱ्या मराठी माणसासाठी तीही एक सोय झाली. याच दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो वडा पावात गेला, असे सांगितले जाते. बटाटा हे नाव पोर्तुगिजांचे, पावही त्यांचाच, आणि मधली लसणाची चटणी मात्र आपली! सकाळी धोबीतलावाला ज्या भट्टीची आठवण ठेवायला सांगितली होती, ती ही अशी इथवर आली. वडापावचे वर्म चवीत असेलही, पण मला ते हातात दिसते. त्याला बशी लागत नाही, बसायला जागा लागत नाही, दुसरा हात मोकळा राहतो. पाळीवर निघालेला माणूस चालता चालता जेवतो. टेबलावरचा वडा रस्त्यावर आला तो त्याच्यासाठी. आणि तो माणूस जिथे जात असे, तिकडेच आता आपल्याला जायचे आहे.

दादरहून दक्षिणेला नायगाव, परळ, लालबाग, चिंचपोकळी. पश्चिमेला वरळी, लोअर परळ, डिलाईल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग. हे गिरणगाव. १९२० नंतर सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळी नायगाव-वरळीला दिसत. आता त्या पाडून तिथे मनोरे उठत आहेत. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कित्येक वर्षे काढली. त्यांचे नाव इथे केवळ वास्तव्यापुरते घेत नाही. गिरणीत साचेखात्याला मजुरी चांगली. पण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला! एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. लाल बावट्याखाली एकत्र चालणारे लोक यंत्रापाशी आणि पाण्याच्या माठापाशी वेगळे होत. जेवणापाशी तर विचारूच नका. खानावळी जातीच्या असत, तालुक्याच्या असत, कित्येकदा एका गावच्या असत.

आता या खानावळीकडे येतो, कारण सकाळपासून मी तुम्हाला तिच्यासाठीच चालवत आणले. पाटी लावलेली खानावळ डोळ्यांपुढे आणू नका. चाळीतली एक खोली. तिच्यात बाई, तिचा नवरा, मुले, आणि तिच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवणारे दहा-बारा किंवा वीस गडी. पहिली पाळी सकाळी लागायची, म्हणून बाईचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचे, भाकऱ्यांची चवड उतरवायची, कालवण करायचे, डबे भरायचे. ते गिरणीच्या फाटकाशी पोचले की दुसऱ्या पाळीच्या लोकांची पंगत. ती उठली की रात्रीची तयारी. गडी गावी गेला किंवा जेवला नाही तर ‘खाडा’ धरायचा आणि तेवढे पैसे महिन्याच्या हिशेबातून कापायचे. पगार झाला की पैसे मिळायचे. तोवर वाण्याची उधारी बाईच्या नावावर. थोडक्यात, गिरणगावातल्या हजारो पुरुषांना महिनाभर उसने जेवू घालणारी पतपेढी ती होती, आणि त्या पेढीचे भांडवल म्हणजे तिच्या गळ्यातले मंगळसूत्र. अडचण आली की ते सावकाराकडे जाई.

या बाया आल्या कुठून? १९२०-३० च्या सुमारास गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एकीच्या आसपास बाई होती, रिळिंगला, वाइंडिंगला. पुढे नवी यंत्रे आली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होतीच, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नकोसा वाटला, आणि एकेक करून त्या बाहेर काढल्या गेल्या. ज्यांना गिरणीने मस्टरवरून काढले त्यांतल्या कित्येकींनी चुलीचा आधार घेतला. त्यांच्या कष्टाला कारखान्यांचे कायदे नव्हते, आठ तासांची पाळी नव्हती, रविवारही नव्हता, कारण रविवारी तर गड्यांना मटण हवे असे.

संप झाला की त्यांची खरी परीक्षा. कामगाराला पगार नाही, म्हणजे बाईला पैसे नाहीत. पण जेवणारा ताटावर येऊन बसतोच. त्याला ऊठ कसे म्हणायचे? प्रेमा पुरव या गोवामुक्तीच्या लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या कार्यकर्त्या. संपाच्या सभांना त्या जात होत्याच. त्यांनी या खोल्यांकडे पाहिले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, लहान माणसाला कर्ज मिळेल असे सांगितले गेले होते. पण तारण काय, असे बँकेने विचारले की बाई गप्प. १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बायांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घ्यायची ठरवले, आणि बँकेच्या दारात त्यांना नेले. ज्या बाईने आयुष्यात बँकेची पायरी चढली नव्हती ती अंगठा उठवून कर्ज घेऊन आली आणि तिने ते फेडले. मला विचाराल तर, गिरणगावच्या इतिहासात मोठमोठ्या मोर्च्यांच्या शेजारी याची नोंद असली पाहिजे.

त्यानंतर सात वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी संपला, असे विचारू नका. तो मागे घेतल्याचे कोणी जाहीर केलेच नाही. पहिले काही महिने खानावळी चालल्या, उधारीवर. मग गडी गावी जाऊ लागले. कोणी बोटीने, कोणी एस.टी.ने, परत येईन तेव्हा देतो म्हणून. पुष्कळ जण परत आले नाहीत. संपाच्या हिशेबात गिरण्यांचे नुकसान धरतात, कामगारांचे धरतात. जेवू घालणारीचे नुकसान तिच्या पाठकोऱ्या वहीतच राहून गेले.

१९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा होत गेला. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात जा. तिथे आज मोठा बाजार आहे, त्यात देशोदेशींची उपाहारगृहे आहेत, आणि जुने धुराडे अजून उभे आहे. तिथे जेवू नका असे मी म्हणणार नाही. जेवण चांगले मिळते. फक्त आत शिरताना फाटकाशी क्षणभर थांबा. मधल्या सुटीत डबे घेऊन खानावळीची पोरे जिथे उभी राहत, ती जागा अशाच फाटकाबाहेरची. बाई आत कधी गेली नाही.

खानावळी संपल्या असे मात्र समजू नका. त्यांनी नाव बदलले. दादर, परळ, लालबाग, पुढे ठाणे-डोंबिवलीपर्यंत रस्त्याकडेला ‘पोळीभाजी केंद्र’ अशी पाटी दिसते. काचेच्या कपाटात पोळ्यांची चवड, दोन भाज्या, आमटी, आणि मोसमात उकडीचे मोदक. पूर्वी एकटा पुरुष जेवायला येई. आता नोकरीवरून सुटलेली बाई लोकलमधून उतरून घरच्यांसाठी दहा पोळ्या घेऊन जाते. चुलीमागे मात्र बहुधा बाईच. तुम्ही प्रवासी आहात, तेव्हा रात्रीचे जेवण अशाच ठिकाणाहून बांधून घ्या. आणि पैसे देताना, कुठल्या गावच्या, एवढे विचारून पाहा. देवगड म्हणतील, पाटण म्हणतील, जुन्नर म्हणतील. नाहीतर इथल्याच, भारतमाताच्या मागच्या चाळीतल्या.

लालबागला आलाच आहात तर मिरची गल्ली चुकवू नका. ओळीने मसाल्याची दुकाने, पोत्यांतून ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, शेजारी धने, खसखस, दगडफूल. लोक आपापल्या घरची यादी घेऊन येतात, सामान निवडतात, भाजून घेतात आणि डंकावर कुटून नेतात. मालवणी मसाला वेगळा, आगरी वेगळा, घाटी वेगळा, वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांचा बाटली मसाला आणखी वेगळा. दुकानदाराला तुमचा तालुका सांगितलात की प्रमाण तो सांगतो. गर्दी पाहायची असेल तर एप्रिल-मे महिन्यांत जा, पावसाळ्याआधी वर्षाची बेगमी करायला मुंबई तिथे लोटते. डंक सकाळपासून चालू असतात, हवेत तिखट असते, आणि गल्लीत शिरणारा नवखा माणूस ओळखू येतो तो शिंकांवरून. रुमाल जवळ ठेवा.